पाइपचा चुरा

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना भंगारातल्या बादल्या, क्रेट धुऊन, दळून, वितळवून त्यात काचेचे तंतू मिसळायचा. त्यातून निघणारे काळे दाणे इतके टणक की त्यांचे गाडीच्या इंजिनालगतचे भाग बनत. वितळवायच्या मशीनवर मी होतो. माल निवडायला म्हसा गावाजवळच्या वाडीतली एक बाई होती. सगळे तिला मावशी म्हणत.

त्या दुपारी मशीनमधून आंबट, झोंबणारा धूर सुटला. मी बंद करायचं बटण दाबेपर्यंत माल गाळायची जाळी तुंबली आणि वितळलेलं प्लास्टिक मशीनच्या तोंडातून उसळून माझ्या मनगटावर बसलं. ओढलं, तर कातडीसकट निघालं. मी पाण्याच्या बादलीत हात बुडवून विव्हळत होतो, तेवढ्यात सुपरवायझर धावत आला. मालात पाण्याच्या पाइपचा चुरा होता, हे त्याने वासावरूनच ओळखलं; ते प्लास्टिक आमच्या मशीनच्या उष्णतेत जळतं, म्हणून ते निवडतानाच बाजूला काढायचं असतं. तो तडक मावशीकडे गेला, अंबाडा धरून तिला फरफटत मशीनपाशी आणलं आणि कानाखाली अशी वाजवली की ती गोण्यांवर कोसळली. कानातून रक्त आलं.

ती म्हणाली, "दळलेल्या गोणी तुमीच थेट वतायला लावल्या. माजा हात लागला नाय त्यांना."

त्याने तिच्या पोटात लाथ घातली. दुसरी घालायच्या आत तिने जवळ पडलेला मोठा पाना उचलला आणि त्याच्या नडगीवर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मशीन बंद असल्यामुळे सगळ्यांनी ऐकला. मग धुण्याच्या हौदावरच्या बायका त्याच्यावर तुटून पडल्या. मी मधे शिरलो, तर माझ्याही पाठीत दोन-चार बसले. मी ओरडलो, "मरंल तो, सोडा." तेव्हा कुठे त्या थांबल्या.

पोलीस ठाण्यात मालकाने मिटवामिटवीची भाषा सुरू केली. त्या दळलेल्या गोण्या सुपरवायझरच्या सांगण्यावरून मीच न निवडता मशीनमध्ये ओतल्या होत्या, ते मी सांगितलं. मावशीला मालक म्हणाला, तक्रार करू नकोस, उद्यापासून कामावर ये.

ती पोलिसांना म्हणाली, "मारलं त्यानं, मीबी मारलं. दोनी लिवून घ्या."

दोन्ही तक्रारी नोंदल्या गेल्या. मावशी आणि सुपरवायझर, दोघंही कारखान्यात परत आली नाहीत. मावशी आता धसईच्या बाजारात भाजी विकते. माझी जखम भरली, पण मनगट पूर्ण वळत नाही. भेटलो की ती आधी माझा हात हातात घेऊन बघते, मग भाजी तोलते.