भार हाय

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं आणि माझ्या अक्षराला आमच्याकडे कोंबडीचे पाय म्हणतात. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे मला अजून नीट कळत नाही. उच्चार लांबला की मी वेलांटी लांबवते, एवढंच. पण ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे त्यांना यातलं काही खटकलं नसतं. ते पाकिटातलं अक्षर बघण्याआधी पाकिटाचं वजन बघायचे.

ते आमच्या गावचे टपालवाले. मुखेडहून थैली घेऊन पायी यायचे. कुणाचंही पाकीट हातात आलं की ते डाव्या तळव्यावर ठेवायचे, दोनदा अलगद वर उडवून झेलायचे, आणि हलकं असलं तर काही न बोलता द्यायचे. जड असलं तर म्हणायचे, "भार हाय." तुम्ही बाजारात नारळ वाजवून बघणारी माणसं पाहिली असतील. तसंच ते.

आमच्या गावात शाळेचे मास्तरच पोस्टाचं काम बघायचे. त्यांच्याकडे वजनाचा छोटा काटा होता. मास्तर म्हणायचे, "तुमच्या तळहातावर सरकार चालत नाही." मग पैज लागायची. टपालवाले आधी आकडा सांगायचे, मास्तर नंतर पाकीट काट्यावर ठेवायचे, आणि बहुतेक वेळा चहा मास्तरांनाच पाजावा लागायचा. एकदा हे हरले. तेव्हा काट्याकडे बघून म्हणाले, "ह्याला तेल घाला. खोटं बोलून राहिलाय."

आणखी एक सांगायला हवं. आमच्या वस्तीत टपाल आलं की पूर्वीचे टपालवाले लांबूनच हाक मारून पारावर ठेवून जायचे. हे दारापर्यंत यायचे, उंबऱ्याशी टेकायचे, पाणी मागून प्यायचे. याचा त्यांनी कधी मोठेपणा केला नाही, म्हणून आम्हीही कधी बोलून दाखवलं नाही.

माझं लिहिणं सुरू झालं ते मोठ्या दुष्काळात. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि आम्ही बाया खडी फोडायला जायचो. दुपारी सरकारकडून खायला सुखडी मिळायची. आमच्यात एक म्हातारी होती. ती आपली सुखडी पदराच्या गाठीला बांधून घरी न्यायची आणि म्हशीला चारायची. मुकादमाला मात्र पोट भरल्याचा ढेकर देऊन दाखवायची. तो ढेकर माझ्या डोक्यातून जाईना. घरी शाळेच्या एका जुन्या वहीची मागची पानं कोरी होती. त्यात मी म्हातारीचं लिहून काढलं.

वही लपवायची कुठे? आमची ज्वारीची कणगी रिकामी होती. रिकाम्या कणगीत कोण डोकावतं? तीन वर्षं माझी वही तिथे सुखाने राहिली. पुढे पीक आलं तेव्हा सगळं घर आनंदात आणि मी एकटी काळजीत, आता वही ठेवू कुठे म्हणून.

वाण्याने हळद बांधून दिली होती त्या कागदावर एका मासिकाचा पत्ता होता. खाली छापलं होतं, लेखकांनी परतीची तिकिटे जोडावीत. मला वाटलं, गोष्ट आवडली तर ते बोलावून घेत असतील आणि परत यायचा खर्च आपला आपण करायचा. दोन दिवस मी धीर गोळा करत होते. मग पाकीट घेऊन टपालवाल्या मामांना दारातच गाठलं आणि खाली बघून विचारलं, "मामा, पुण्याहून मुखेडला यायचं यष्टीचं तिकीट किती पडतं?"

"कोण येऊन राहिलंय पुण्याहून?"

"मीच. गेले तर."

मग सगळं सांगावं लागलं. ते हसले नाहीत. हे मी आयुष्यभर विसरणार नाही, ते हसले नाहीत. म्हणाले, "तुझं न्हाई गं माय, गोष्टीचं तिकीट. गोष्टीला परत यायला."

"परत कशाला येईल?"

"येती. माणसं येतात, गोष्टीचं काय."

उघड्या पाकिटातून कागद काढून त्यांनी तिथेच उभ्याने गोष्ट वाचली. वाचताना त्यांचे ओठ हलायचे. वाचून झाल्यावर म्हणाले, "म्हशीचं नाव घाल. म्हातारी तिला नुसती म्हस म्हणती व्हय?" मला लाजल्यासारखं झालं. म्हशीचं नाव चांदी होतं आणि ते मला ठाऊकही होतं. मी आत जाऊन जिथे जिथे म्हैस होती तिथे चांदी केलं आणि कागद परत आणून दिले. त्यांनी तळव्यावर झेलून सांगितलं, "भार हाय. दोन तिकिटं जास्त लागतील."

माझ्याकडे पैसे नव्हते. जायची आणि परतीची, सगळी तिकिटं त्यांनी आपल्या खिशातून लावली. पगार झाल्यावर मी पैसे घेऊन गेले, तर त्यांनी हात मागे घेतला.

"खडीचा पैसा हाय ह्यो. ह्याची ज्वारी आण. तिकिटं लेखणीच्या नावावर हायेत. लेखणीचा पैसा आला की मग दे."

"आणि नाही आला तर?"

"लिहून ठेव. उधार हाय, खैरात न्हाई."

वहीच्या शेवटच्या पानावर मी रक्कम लिहिली.

गोष्ट दीड महिन्याने परत आली. मी कामावर होते. तिथे चाळीस बाया. त्यांच्यासमोर पाकीट देतील की काय म्हणून मी पदर पुढे ओढून खडीवर वाकले. तर मामा लांब उभे राहून ओरडले, "तुझी बहीण माहेरी आलीय गं! सांजच्याला भेट!"

मला बहीण नाही. पण त्या बाया निरनिराळ्या गावच्या, त्यांना काय माहीत? पुढे ही आमची खूणच झाली. गोष्ट गेली की बहीण नांदायला गेली, परत आली की माहेरी आली. चौथ्या-पाचव्या वेळेला मात्र बाया वैतागल्या. साळू नावाची बाई माझ्या शेजारी बसायची. तिने हातोडी खाली ठेवली आणि मामांना विचारलं, "आवं, किती येळा माघारी येती ही? तिला नांदता येत न्हाई का सासरचेच वंगाळ हायेत?"

मामा गंभीरपणे म्हणाले, "सासर लई मोठं हाय. जागा न्हाई म्हणत्यात."

"मंग दुसरं घर बघा की!" साळू म्हणाली. आणि खरंच, त्यानंतर आम्ही दुसऱ्या मासिकाला पाठवायला लागलो.

परत आलेल्या पाकिटात एक छापील चिठ्ठी असायची. तिच्यावर दोनच शब्द, साभार परत. परत कळत होतं. साभार कळत नव्हतं. मामांना विचारलं. त्यांनी चिठ्ठी उन्हात धरून बघितली, जरा वेळ घेतला आणि म्हणाले, "भारासकट परत. गोष्टीत वजन हाय म्हणत्यात, त्यांच्यानं उचललं न्हाई."

मला ते लगेच पटलं. सहकुटुंब म्हणजे कुटुंबासकट, तसं साभार म्हणजे भारासकट. चौथीत आम्हाला एवढं शिकवलं होतं. मी ती चिठ्ठी जपून ठेवली. नंतरच्याही ठेवल्या. कुणी तरी पुण्या-मुंबईचा शिकलेला माणूस माझ्या गोष्टीला जड म्हणतोय, या विचारावर मी खडीचे ढीगच्या ढीग फोडले.

तरी एकदा मन खचलंच. एकाच आठवड्यात दोन गोष्टी परत आल्या. त्यातल्या एकीची तर घडीसुद्धा उलगडलेली वाटत नव्हती. कोरड्या नदीत झऱ्यावर पाणी भरताना मला माझीच लाज वाटली. लोक पाण्यासाठी कोस कोस चालतात आणि ही बया गोष्टी लिहिते. मी लिहिणं बंद केलं. दोन महिने मामांना पाकीट दिलं नाही. ते दारावरून जायचे, थांबायचे, पाणी प्यायचे, काही विचारायचे नाहीत. एक दिवस पाण्याचा तांब्या परत देताना म्हणाले, "मंग माझे पैसे बुडाले म्हणायचे."

"कुठले पैसे?"

"तिकिटाचे. लेखणीच्या पैशातून घ्यायचे ठरलं हुतं. लेखणी बंद झाली. आता कुणाकडनं घेऊ?"

"मामा, मी खडीच्या पैशातून—"

"वायदा लेखणीचा हाय."

असा राग आला होता मला! आमच्या घरात कुणी कुणाचे पैसे बुडवले नव्हते. त्याच दिवशी दुपारी कणगीतून वही काढली. कुणी म्हणतं मनात ऊर्मी दाटते म्हणून लिहितो, कुणी म्हणतं समाजासाठी लिहितो. मी बुडवी ठरू नये म्हणून लिहीत राहिले. खरं आहे ते सांगते.

पुढे लातूर जिल्हा नवा झाला. नवी कार्यालयं निघाली, माणसं लागत होती. आमच्या मालकांना तिथे शिपायाची नोकरी लागली आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. निघायच्या दिवशी मामा यष्टीपर्यंत आले. मी वहीचं शेवटचं पान दाखवलं. सगळे मिळून अकरा रुपये चाळीस पैसे झाले होते. त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय. इसरू नको. मी बी इसरणार न्हाई."

लातूरला मी मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागले. तिथे तिकिटं माझी मी घ्यायची. पाकीट तळहातावर उडवूनही बघायची, पण मला कधी अंदाज आला नाही. वसतिगृहाच्या बाई चांगल्या होत्या. एकदा माझं परत आलेलं पाकीट त्यांच्या टेबलावर राहिलं. त्यांनी चिठ्ठी बघितली आणि हळूच म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका."

मी म्हटलं, "नाही बाई, चांगलंच लिहिलंय त्यांनी. भार आहे म्हणतात."

त्या चिठ्ठी घेऊन माझ्याजवळ आल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. भार नाही, आभार. आभारासह परत. छापून ठेवलेल्या असतात, सगळ्यांनाच पाठवतात.

त्या दिवशी माझ्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं. घरी येऊन मी सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. सतरा होत्या. सतरा वेळा मला कुणीही जड म्हटलं नव्हतं. मी चिठ्ठ्या चुलीपाशी नेल्या, आणि तिथे बसल्या बसल्या मला अकरा रुपये चाळीस पैसे आठवले. भार खोटा निघाला तरी उधारी खरी होती. चिठ्ठ्या परत डब्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी म्हातारीची गोष्ट पुन्हा नव्याने उतरवून काढली आणि नव्या पत्त्यावर पाठवली.

ती परत आली नाही. दोन महिने गेले, तीन गेले. मी समजले, टपालात गहाळ झाली. मग एक दिवस मासिक आलं आणि मागोमाग पंचवीस रुपयांची मनीऑर्डर. मासिकात माझं नाव होतं. संपादकांनी माझे सगळे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, पण चांदी चांदीच ठेवली होती. मनीऑर्डरवर सही करायला मी इतका वेळ लावला की टपालवाला म्हणाला, "बाई, अंगठा दिला तरी चालेल." मी म्हटलं, "नाही. सहीच करणार."

मामा तोपर्यंत काम सोडून बिलोलीकडे आपल्या लेकीच्या गावी राहायला गेले होते. मी उदगीर, देगलूर करत यष्टीने तिथे पोचले. माझ्या जन्मात पहिल्यांदा मी एकटीने एवढा प्रवास केला. मामा बाजेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू. आवाजावरून ओळखलं.

"बहीण कशी हाय?"

"नांदायला लागली, मामा."

मासिक त्यांच्या हातात दिलं. ते तळव्यावर ठेवून त्यांनी उडवायला हात हलवला आणि थांबले. "ह्यात समद्यांचंच वजन हाय. तुझं कुठलं?" मी पान काढून दिलं. माझी गोष्ट साडेतीन पानांची, म्हणजे दोन कागद. त्यांनी बाकीचं मासिक मांडीवर लोंबू दिलं आणि तेवढे दोन कागद चिमटीत धरून उचलून बघितले. बराच वेळ धरले.

"भार हाय," ते म्हणाले.

तेव्हा मी विचारलंच. "मामा, साभार म्हणजे आभारासह. तुम्हाला ठाऊक होतं?"

ते म्हणाले, "आपल्या मास्तरला बी तसल्याच चिठ्ठ्या यायच्या. कविता धाडायचा. चार चिठ्ठ्यांत लिहिणं सोडून दिलं. त्याला अर्थ ठाव हुता."

एवढंच. मी पैसे काढले. बारा रुपये दिले. त्यांनी एकेक नोट बोटांनी चाचपली आणि लेकीकडून डबा मागवून घेतला. त्यातून साठ पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणाले तर रागावले. "उधार हाय म्हणलो हुतो का न्हाई? मंग हिशेब पुरा कर. वही आणलीस?"

आणली होती. त्यांनी शेवटचं पान नाकापाशी धरलं, माझा पेन घेतला आणि सगळ्या आकड्यांखाली आडवं काही तरी लिहून सही केली.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती वही माझ्याजवळ आहे. आता ती कणगीत नाही, कपाटात असते, कुणी आलं की मी दाखवतेही. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलंय, भरुन पावलो. रु ऱ्हस्व पडला आहे. तो दीर्घ हवा, हे मला अलीकडे कळलं. मी सुधारलेला नाही.