ठकुबाईच्या ओसरीवरचा मुक्काम

ठकुबाईकडे घोटभर पाणी प्यायला थांबलेला माणूस घरी पोचेपर्यंत त्याची चूल विझलेली असायची. बाई मनाची चांगली, हाताची सढळ, पण एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. हिर्डोशीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तिला नावं ठेवत नव्हतं. कारण कित्येक वर्षं तिचं ऐकायला घरात म्हैस सोडून दुसरं कुणी नव्हतं. नवरा लग्नानंतर लवकरच तापात गेला, मूलबाळ झालं नाही, दीर जमीन कसायला खाली किकवीकडे निघून गेला. पावसाळ्यात गाव धुक्यात बुडालेलं असायचं. भाताची आवणी उरकली की माणसं आपापल्या चुलीपाशी, आणि ठकुबाई आपल्या लांबलचक ओसरीवर एकटी. तेव्हा ती म्हशीला गावच्या बातम्या सांगायची. म्हैस ऐकून घ्यायची, पण स्वतःहून काही सांगायची नाही, आणि ठकुबाईचं खरं दुःख तेच होतं.

मग रस्ता झाला आणि सत्तर सालच्या सुमारास भोरहून मुक्कामी एसटी सुरू झाली. गाडी संध्याकाळी यायची, ठकुबाईच्या दारासमोर उतारावर उभी राहायची आणि उजाडता उजाडता परत सुटायची. उतारावर अशासाठी, की थंडीत इंजिन रुसलं तर गाडी सरकवून चालू करता यावी. सकाळची ही गाडी गाठायची म्हणून वरच्या वाड्यांतली माणसं आदल्या संध्याकाळीच खाली उतरायची. कुणाची कोर्टात तारीख, कुणाला दवाखाना, कुणाला बाजार. लॉजवर उतरायची ऐपत कुणाची नव्हती, आणि हिर्डोशीत लॉजही नव्हता. ती सगळी ठकुबाईच्या ओसरीवर पथारी टाकायची. ड्रायव्हर-कंडक्टरही तिथंच.

अशा वाटसराला काय लागतं, हे ठकुबाई थोड्याच दिवसांत शिकली. कोरडी जागा लागते. रान तुडवून आलेल्या पायांवर घ्यायला ऊन पाणी लागतं. भाकरी त्याच्या फडक्यात असते, पण तिच्याबरोबर वाटीभर कालवण मिळालं तर त्याचा जीव खाली बसतो. बोचकं कुणी उचलणार नाही याची खात्री लागते, आणि सकाळी कुणीतरी हाक मारेल याचा भरवसा लागतो. हे सगळं ती फुकट द्यायची. पैसे पुढे केले तर रागवायची. तिचं भाडं निराळं होतं. माणूस भिंतीला टेकला की ती समोर बसायची, आणि वाडीत कोण बाळंत झालं, कुणाची गाय दरीत पडली, कुणाची सोयरीक मोडली, हे वदवून घेतल्याशिवाय त्याला आडवं होऊ द्यायची नाही. बौद्धवाडीतले म्हातारे सोनबा पहिल्यांदा आले तेव्हा जुन्या सवयीनं अंगणातच घोंगडी पसरू लागले. ठकुबाईनं ती उचलून ओसरीच्या मधोमध आणून टाकली. अंगणातलं बोलणं मला आत ऐकू येत नाही, म्हणाली. गावातले दोघंचौघं कुरकुरले, पण त्यांनाही कधी ना कधी तिथंच पडायचं असायचं, आणि ओसरी एकच होती.

कंडक्टर गेनू हे भाडं द्यायला कधी मागं राहिला नाही. भोरच्या स्टँडवरची भांडणं तो असा तिखटमीठ लावून सांगायचा की ठकुबाई जेवायची विसरायची. जुना ड्रायव्हरही गप्पिष्ट. त्याची बदली झाली आणि मानसिंगराव आले. पन्नाशीचे, भरघोस मिशांचे आणि अतिशय कमी बोलणारे. पहिल्याच संध्याकाळी ठकुबाईनं त्यांना गाव, घर, भावकी, सगळं विचारून पाहिलं. मानसिंगराव मान हलवत राहिले. बाईला वाटलं, माणूस लाजरा दिसतोय. त्याला परकं वाटू नये म्हणून तिनं दोघांच्या वाटणीचं बोलायला घेतलं.

महिनाभरानं गेनूनं आणलेल्या बातमीनं गावाचं धाबं दणाणलं. मुक्काम खालच्या गावी हलवावा, तिथं शाळेची खोली रिकामी आहे, असं मानसिंगराव येत्या शनिवारी आगारात साहेबांना सांगणार होते. आणि ड्रायव्हरच नको म्हणतो म्हटल्यावर साहेब कशाला अडवतील?

मुक्काम हलला तर सकाळचं दूध भोरला वेळेवर पोचणार नव्हतं, आणि आजारी माणसाला पुन्हा डोलीत घालून खाली न्यावं लागणार होतं. ठकुबाईच्या डोळ्यांपुढे मात्र एकच चित्र आलं. रिकामी ओसरी, बाहेर पाऊस, आणि समोर रवंथ करणारी म्हैस. ते दिवस पुन्हा काढणं आपल्याच्यानं होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ड्रायव्हरची गैरसोय होतेय एवढं गावाला कळलं. कसली, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. सरपंच रामभाऊंनी घरची खाट गड्याच्या डोक्यावर देऊन पाठवली. बाळाबाईनं लेकीच्या रुखवतासाठी शिवलेली गोधडी दिली. ठकुबाईनं कोंबडी कापली. एवढं करून, दिलेली खाट आवडली का, हे बघायला रामभाऊ जातीनं आले आणि बसले. रामभाऊ बसले म्हणून आणखी माणसं बसली. दुसऱ्या दिवशी भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन आलं, पाहुण्याचं मन रमावं म्हणून. मानसिंगराव नवरदेवासारखे खाटेवर मधोमध बसून सगळ्यांकडे पाहत होते, आणि मंडळी त्यांना जिव्हाळ्यानं आणखी एक अभंग ऐकवत होती.

त्यानंतरच्या सकाळी ठकुबाई मसाल्याचं सामान आणायला भोरला निघाली आणि पुढच्या बाकावर बसली. नदीच्या वरच्या वळणावर गाडी हळूहळू कडेकडे सरकायला लागली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग गेनूनं घंटीची दोरी खसाखसा ओढली, मानसिंगराव दचकले आणि त्यांनी ब्रेकवर पाय दाबला. पुढचं चाक कडेच्या गवतात रुतून थांबलं. खाली नदी होती. कुणाला काही झालं नाही. मानसिंगराव खाली उतरले आणि कॅनमधलं पाणी डोळ्यांवर मारत कितीतरी वेळ उभे राहिले.

ठकुबाईनं गेनूला बाजूला घेतलं. काय होतंय या माणसाला, तिनं विचारलं. गेनू चुळबुळला, पण शेवटी बोलला.

"मावशी, राग धरू नगा. महिना झाला, त्यास्नी झोप न्हाई. तुमी बोलायचं थांबता तवा कोंबडा आरवतो. आन् जी बाई पोटाला घालती तिला गप बसा म्हनायला त्यांची जीभ रेटत न्हाई. त्यापरीस मुक्कामच हलवलेला बरा, म्हनत्यात."

ठकुबाई भोरला पोचली, पण काय घ्यायला आलो ते तिला आठवेना. पेठेतून ती रिकाम्या पिशवीनं परत फिरली. गाडीभर माणसं आपल्या जिभेपायी नदीत गेली असती, हा विचार तिचा पिच्छा सोडेना. सगळ्यांना ऊन पाणी दिलं, कालवण दिलं, उशाला जागा दिली, आणि दिवसभर खपून आलेल्या माणसाला जे सगळ्यात आधी हवं असतं तेवढं मात्र आपण दिलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली. आणि दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता, शनिवारच्या आधीचा शेवटचा मुक्काम.

शुक्रवारी ती सकाळपासून गावभर हिंडली. आज कुणी ओसरीकडे फिरकायचं नाही, भजन नाही, खाटेची विचारपूस नाही. रामभाऊ फुगले. ठकुबाई, आमाला गप ऱ्हायला सांगणारी तूच का, असं त्यांनी विचारलं. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. ठकुबाईनं ते ऐकून घेतलं आणि पुढच्या घराकडे वळली. दुपारी तिनं आपला कोंबडा डालग्याखाली घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाळाबाईच्या घरी पोचवला.

संध्याकाळी वाड्यांवरची माणसं यायला लागली तशी ती त्यांना मागच्या दारानं गोठ्यात नेऊन बसवू लागली. पाय धुवायला पाणी दिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. नेमकी त्याच दिवशी वरच्या वाडीची भामाबाई आली होती. वाडीतली एक पोर ठरलेलं लग्न मोडून पळून गेली होती, आणि ते सांगायला मिळावं म्हणून भामाबाई डोंगर धावत उतरली होती. भामाबाईच्या पोटात बातमी मावत नव्हती आणि ठकुबाईला विचारता येत नव्हतं. दोघी समोरासमोर बसून नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. ठकुबाईनं सोसलेलं सगळं मी एका बाजूला ठेवीन आणि ती संध्याकाळ दुसऱ्या बाजूला.

मानसिंगरावांना ताट वाढून ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. ते जेवले, हात धुतले आणि सवयीनं तिची वाट बघत बसले. बाई रागावली की काय, म्हणून एकदा दाराकडेही पाहून आले. मग खाटेवर टेकले, आणि टेकले तिथंच झोपले.

रोज ते अंधारातच उठून गाडीचं पाणी, चाकं बघायचे. शनिवारी गावाला जाग आली तरी ते उठले नाहीत. रामभाऊ हाक मारायला पुढे झाले तेव्हा ठकुबाई हात आडवे करून ओसरीच्या पायरीवर उभी राहिली. मग न बोलता काम सुरू झालं. गेनूनं गाडीत पाणी भरलं. सोनबांनी आपल्या उपरण्यानं समोरची काच पुसली. दुधाच्या किटल्या टपावर न आदळता हातोहात चढवल्या आणि खाली पोती घातली. माणसं पायातलं हातात घेऊन गाडीत जाऊन बसली. तिकिटावर चिमटा वाजू नये म्हणून गेनू तो कोटाच्या आत धरून भोकं पाडत होता. तान्ही पोरं पदराखाली गेली. सगळी गाडी भरली आणि उजाडायची वाट बघत गप्प बसून राहिली. कुणी शिंकलंसुद्धा नाही.

तोंडावर उजेड आला तेव्हा मानसिंगराव उठले. बाहेर येऊन बघतात तर खिडकी-खिडकीत माणसं, आणि कुणाचा आवाज नाही. त्यांचा चेहराच उतरला.

"कोन गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुनी न्हाई गेलं," ठकुबाई म्हणाली. "तुमी झोपला व्हता."

मानसिंगरावांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. तोंड धुऊन आले आणि ओसरीच्या पायरीवर बसले. ठकुबाईनं चहा दिला आणि ती काही न बोलता भिंतीशी उभी राहिली.  मग कुणी न विचारता मानसिंगराव बोलायला लागले.

"आक्का, परवा माझ्या लेकीला मुलगा झाला. पायाळू. महिनाभर ती आंथरुणाला खिळली व्हती, आमी आशा सोडली व्हती."

ठकुबाई तिथंच खाली टेकली. महिनाभर तिनं या माणसाला जगातलं सगळं विचारलं होतं, आणि एवढी मोठी गोष्ट सांगायला त्याला फट सापडली नव्हती. मानसिंगराव सांगत होते. सुईण कुठून आणली, जावई कसा घाबरला, पोर आधी रडलंच नाही. बांध फुटावा तसं त्यांचं बोलणं चाललं होतं आणि गाडीतली माणसं खिडक्यांतून कान देऊन ऐकत होती. पायाळू पोराची गोष्ट ठकुबाईला दिवसभर ऐकायची होती. तोच गेनूनं डोंगरावर आलेल्या उन्हाकडे बोट केलं.

"मानसिंगराव, गाडीची येळ झाली," ठकुबाई म्हणाली. "माणसं खोळंबल्यात. ऱ्हायलेलं सांजच्याला सांगा."

मानसिंगरावांनी कपबशी खाली ठेवली आणि मिशा पुसल्या.

"सांगतो," म्हणाले, आणि गाडीत चढले.

सांजच्याला म्हणजे हिर्डोशीतच, हे रामभाऊंच्या ध्यानात येईपर्यंत गाडी उतारावरून सरकून चालू झाली होती. ठकुबाईच्या ते आधीच ध्यानात आलं होतं. ती रिकामी कपबशी हातात धरून दारात उभी राहिली आणि तिला रडू आलं.