तात्सुएच्या विमानाचा डावा पंख

तीळ अर्धेच वाटून झाले होते. वाटायचा लाकडी दांडा हातात तसाच धरून तात्सुए बाहेरच्या खोलीत डोकावली, विमानाचा रंग वाळला का बघायला. सुटे भाग जोडून केलेलं, तळहातावर मावेल एवढं करडं खेळण्यातलं लढाऊ विमान. त्याचा डावा पंख मुळापासून सुटून मेजावर पडला होता.

उद्या अशा विमानांचं प्रदर्शन. जपानमधल्या या शिझुओका शहरात कितीतरी घरांची चूल या प्लास्टिकच्या विमानांवर पेटते. तात्सुएनंही उमेदीची सगळी वर्षं कारखान्यात सुटे भाग पिशव्यांत भरण्यात घालवली. लोकांसमोर स्वतःच्या नावानं मांडायचं मात्र हे पहिलंच.

नवरा, गेन्झो, चटईवर लोळून घोड्यांची शर्यत बघत होता. मागचं विमान त्यानं टाचेखाली चिरडलं होतं, सूप गार झालं म्हणून. त्याआधी तिचं बोट मोडलं होतं.

"अहो, पंख कुणी तोडला?"

"मला काय विचारतेस? माशी बसली असेल."

"खरं सांगा."

"जा, तीळ वाट. म्हातारपणी खेळणी घेऊन बसलीय, गल्ली हसते." तो उठला आणि सवयीनं तिचे केस मुठीत धरून मान मागे ओढली. "तुझ्या त्या डासाला हात नाही लावला मी!"

पहिला दांडा त्याच्या मनगटावर बसला. केस सुटले. दुसरा कपाळावर.

"तूच तोडलास! बोटही तूच मोडलंस!" जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून 'तू' निघाला. तिसऱ्या फटक्याला तो देव्हाऱ्यावर आदळला, पितळी घंटा घरंगळत गेली. भुवईवरून रक्त वाहत होतं आणि त्यात तिळाचा चोथा चिकटला होता.

"नाही गं लावला हात," तो भिंतीशी मुटकुळं करून म्हणाला. "बुद्धाची शपथ."

तिनं पंख उचलला. हातानं मोडलेलं प्लास्टिक आधी वाकतं, वाकल्या जागी पांढरं पडतं. इथे पांढरं काहीच नव्हतं. काचेसारखी स्वच्छ चीर, आणि चिरेला थिनरचा वास. काल घाईघाईत तिनं वार्निशचा हात न देताच खाचांत थिनरनं पातळ केलेला काळा रंग सोडला होता, पंखाच्या मुळाशी त्याचं डबकं साचू दिलं होतं. पंख तर मुळात जोर करूनच खोबणीत बसवलेला. ताणलेल्या प्लास्टिकमध्ये थिनर मुरलं की ते तडकतं, हे कारखान्यात तिनंच नव्या मुलींना शिकवलं होतं.

देव्हाऱ्यासमोर तिनं हात जोडले. रक्तानं आणि तिळाच्या तेलानं तळवे एकमेकांना चिकटले. काय मागावं तेच सुचेना.

"मीच तोडला," ती म्हणाली. "थिनर जास्त झालं."

"बघ! आणि डोकं माझं फोडलंस!"

"पंखासाठी फोडलं ते चुकलं. त्याची माफी मागते. बोटासाठी फोडलं असतं, तर मागितली नसती."

त्यानं कपाळ चाचपलं. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरला सांगू, जिन्यावरून पडलो. तू नाही का सांगायचीस?"

"सांगायचे. आज खरं सांगणार आहे. तुझं डोकं मी फोडलं आणि माझं बोट तू मोडलंस."

"पोलीस बोलावतील गं."

"बोलावू देत."

तिनं पंचा त्याच्या कपाळावर करकचून बांधला. तो विव्हळला, तिनं गाठ सैल केली नाही. गॅस बंद केला, घंटा उचलून जागेवर ठेवली, आणि त्याला दंडाला धरून टाके घालायला चौकातल्या दवाखान्यात निघाली.