पाटलाच्या अंगणातला हुकूम

डाळजच्या सोपान हवालदाराला रजेत घरी करमत नसे. बसला की उठे, उठला की दारापर्यंत जाऊन परत येई. देहरादूनला हिंदी पोरांना लष्करी अधिकारी करणारी अकादमी नुकतीच निघाली होती. तिथं गोऱ्या सार्जंटच्या हाताखाली तो कवायत शिकवी. पोरांवर वाट्टेल तेवढं खेकसायचं, पण वर ‘साहेब’ म्हणायचं, अशी तिथली अजब रीत.

यंदा त्याच्या तुकडीत गावच्या महिपती पाटलाचा आबासाहेब आला होता, आणि तोही सुट्टीवर घरी होता. सोपानला घोर लागला तो त्याचाच. सोपानचा बाप आबाजी मेंढरं राखी, आणि ऐन वैशाखात कळप पाटलाच्या विहिरीवर जगत होता.

व्हायचं ते झालंच. पाटलानं बोलावलं म्हणून सोपान पायताण काढून अंगणात खालमानेनं उभा राहिला. तेवढ्यात आबासाहेब बाहेर आला, हवालदाराला पाहिलं आणि सवयीनं खाडकन पाय जुळवून ताठ झाला. गडीमाणसं बघत राहिली. पाटील लालबुंद झाला. पोरगा हलेना. हुकूम सुटल्याशिवाय हलायचं नाही, हे सोपाननंच त्याच्या हाडीमाशी भिनवलं होतं. हसून वेळ मारून नेता आली असती, पण ताठ उभ्या पोराचं हसं करणं सोपानच्या जिवावर आलं.

“स्टँड ॲट ईज, साहेब,” तो म्हणाला. आबासाहेबानं पाय सैल केले.

माझा पोरगा तुझा चाकर आहे काय, असं पाटलानं दरडावून विचारलं.

“पास झाला की पयला सलाम मीच ठोकनार, पाटील. तवर त्यो माझ्या हाताखाली हाय.”

दिवस कलायच्या आत निरोप आला, की विहिरीवर मेंढरं आणायची नाहीत. आबाजी भीमेच्या डोहाकडं निघायची तयारी करू लागला. सोपान येरझाऱ्या घालत होता. म्हातारपणी बापाला उन्हातान्हात एवढी पायपीट, तीही आपल्या तोंडापायी, हे त्याला खात होतं. शेवटी त्यानं कबूल केलं, की चुकलं.

आबाजीनं घोंगडी खांद्यावर टाकली. “पोरानं पाय नीट जुळवलं व्हतं का?”

“व्हय.”

“कुनी शिकवलं?”

“म्या.”

“मग चल. मेंढरं तहानल्यात.”