कुंपणातलं डोहाळजेवण

पडक्या घरांचे फोटो काढणाऱ्या लोकांबद्दल माझं मत फार वाईट आहे. मी स्वतः गेली कित्येक वर्षं पडक्या घरांचेच फोटो काढते, त्यामुळे हे मत मी पूर्ण माहितीनिशी देते आहे.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही देश सोडून सस्कॅचेवान प्रांताच्या या सपाट मुलखात आलो, मी शाळेत गणित शिकवू लागले आणि सुट्टीच्या दिवशी गाडी काढून शेतांमधल्या खडीच्या रस्त्यांनी हिंडायची सवय लागली. रस्त्याच्या कडेला सोडून दिलेली घरं असतात, वाकलेली कोठारं असतात, मधेच एखादी एकखोली शाळा असते. उन्हाळा आला की मोठ्या शहरांतून कॅमेरेवाले ती शोधत येतात आणि सगळेच्या सगळे एकच फोटो काढतात. मोडकी खुर्ची ओढून खिडकीपाशी ठेवायची आणि घरी गेल्यावर आभाळाचा रंग घालवायचा. जूनमध्ये इथलं आभाळ इतकं निळं असतं की डोळे दुखतात, पण ते यांना चालत नाही. यांना दुःख हवं असतं, आणि तेही चार वाजेपर्यंत आटपलेलं, कारण पाचला हॉटेलात परत पोचायचं असतं.

शिवाय ते विचारत नाहीत. माणूस राहत नाही म्हणजे घर बेवारस, अशी त्यांची समजूत. मी आधी मालकाच्या दारात जाते, विचारते आणि नंतर फोटो छापून नेऊन देते. बहुतेक जण तो फोटो बघून "हं" म्हणतात आणि फ्रिजवर लावतात. मला तेवढं पुरतं.

माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, तिकडे पूर्वेला मिल्टन नावाच्या गावात राहतो. नवी कोरी वसाहत, सगळी घरं एकासारखी एक, दारातलं झाड केरसुणीएवढं. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. या मुलाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही, पण दोन वर्षांपूर्वी त्याला अचानक जीर्ण वस्तूंचं वेड लागलं. त्याच्या फोटोंखाली 'फरगॉटन' असं लिहिलेलं असतं. कोण विसरलं, कुणाला विसरलं, याची चौकशी नाही. गेल्या जूनमध्ये तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या बॅगेत एक गंजकी किटली आणि एक डोळा फुटलेली बाहुली होती. दोन्ही ऑनलाइन मागवलेल्या. भंगार विकत घ्यायचं आणि विमानाने भंगारात न्यायचं! हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अक्कल असायला काय हरकत आहे?

बरोबर त्याची बायको होती. सातवा महिना. ती यायच्या आधी माझ्या वहिनीचा फोन आला होता. "दोनदा गेलंय तिचं. एकदा तर पाचव्यात. तू विषय काढू नकोस हं. आम्ही कुणी काढत नाही." म्हणजे ते दोन झालेच नाहीत असं सगळ्या घराने मिळून ठरवलं होतं. आमच्या घराण्यात एकी म्हणून होते ती अशाच कामांसाठी.

ती मुलगी खुर्चीच्या टोकावर बसायची. मी केलेलं मुकाट्याने चिवडायची आणि ताट बाजूला सारायची. बाळासाठी काय काय घेतलं, असं मी सहज विचारलं, तर म्हणाली, "काहीच नाही. एक मोजासुद्धा नाही. आलं की बघू." इतक्यात भाच्याने जाहीर केलं की आपण डोहाळजेवणाचा शूट करायचा. हिरवी साडी, फुलांचे दागिने आणि मागे पडकं घर. "आत्या, इमॅजिन कर ना! न्यू लाइफ आणि डिके. ऑसम कॉन्ट्रास्ट आहे."

ती म्हणाली, "मला नकोय रे हे. प्लीज. बाळ घरी आल्यावर काय हवं ते कर."

"बेब, या मेमरीज असतात. तू नंतर मला थँक्स म्हणशील."

मी म्हटलं, ओटी भरायचीच तर मी घरात भरते, सोफ्यावर बसवून. पण साडी इस्त्री करून आणली होती, कापडी फुलांचा मुकुट आणला होता, आणि त्याच्या पेजवर म्हणे लोक वाट बघत होते. शेवटी डबा भरून मी गेले ती तिच्यासाठी. तो तिला कुठल्या कुजक्या फळीवर उभी करेल याचा नेम नव्हता.

आम्ही गेलो ते घर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं. तो तिथेच जन्मला. आता पलीकडे, हमरस्त्याजवळच्या बंगलीत राहतो. आजूबाजूच्यांनी आपापली जुनी घरं बुलडोझर लावून पाडली आणि त्यावर कॅनोला, म्हणजे इथली तेलाची मोहरी, पेरला. याने मात्र आपलं ठेवलं आणि दरवर्षी पेरणीला त्याच्या भोवताली ट्रॅक्टरचा वळसा घातला. का, ते मी कधी विचारलं नाही, आणि इथली माणसं न विचारता काही सांगत नाहीत. फाटक लाव आणि घराच्या आत जाऊ नकोस, लाकडी जमीन कुजली आहे, एवढंच तो मला म्हणाला होता. त्या दिवशी आम्ही त्याच्या बंगलीवरून गेलो तर तो घरी नव्हता. भाचा म्हणाला, "तुला परमिशन आहे ना? मग झालं." आयत्या बिळावर नागोबा.

घरामागे लायलॅकची झुडपं आहेत, जांभळ्या फुलांची. त्यांच्या आडोशाला गुडघाभर उंचीचं लाकडी कुंपण आणि आत थोडी हिरवळ. मला ती कुणाची तरी जुनी फुलबाग वाटायची. भाचा ते बघून नाचायलाच लागला. कुंपणाच्या आत तीन सपाट दगड ओळीने मांडलेले होते. "अरे वा, पाट तयार आहे!" असं म्हणून त्याने बायकोला शेवटच्या दगडावर बसवलं. उरलेल्या दोन दगडांवर दोन वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली पेढा आणि एकीखाली बर्फी. जी उचलेल त्याप्रमाणे मुलगा की मुलगी, हा आपल्याकडचा खेळ. गवतात किडे फार, म्हणून तिने हिरव्या साडीखाली नवऱ्याचे जाड मोजे पोटऱ्यांपर्यंत ओढले होते, आणि हा ओरडत होता, "मोजे दिसतायत! स्माइल! पोटावर हात ठेव, दोन्ही!" वारा असा की मुकुट सारखा नाकावर येत होता. फोटो वाईट येत होते ते अर्थातच उन्हामुळे. नाचता येईना अंगण वाकडं. ती हसत होती, पण तो ओरडल्याशिवाय हात पोटावर ठेवत नव्हती, आणि ते मला लेन्सशिवाय दिसत होतं.

मी नारळ आणि खण तिच्या ओटीत घातला, तांदळाची ओंजळ भरली, एवढ्यात पिकअप येऊन थांबला. म्हातारा उतरला. त्याने मला हात केला, मग कुंपणाकडे पाहिलं आणि टोपी काढली. मला वाटलं, बाईमाणूस नटून बसलंय म्हणून काढली असेल.

तो जवळ आला, गुड आफ्टरनून म्हणाला, बाळ कधी येणार विचारलं. त्यानंतर, जणू आपणच काही चूक केली आहे अशा आवाजात म्हणाला, "तुम्हाला ठाऊक नसणार. इथे माझी भावंडं आहेत. माझ्या आधीची तीन."

मी वाट्यांकडे पाहिलं. आम्ही जाळणारी माणसं; तान्हं मूल पुरलं तरी ते गावाबाहेर, स्मशानात. अंगणात पुरलेलं मूल असतं, त्याच्यावर शेतातून ओढून आणलेला दगड असतो आणि त्यावर नाव नसतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. मी वाट्या उचलल्या. पेढा खाली पडला. ती मुलगी उठायला गेली, पण सातव्या महिन्यात जमिनीलगतच्या दगडावरून पटकन उठता येत नाही. म्हाताऱ्यानेच तिला हात दिला.

तो सांगत होता, की दगड आईने स्वतः आणून ठेवले. ती होती तोवर दर वसंतात येऊन गवत काढायची, आता तो काढतो. घर पाडायचं तर यंत्र या दगडांवरूनच आत न्यावं लागेल, म्हणून घर उभं आहे.

यावर माझा भाचा काय म्हणाला असेल? म्हणाला, "दॅट्स सो पॉवरफुल, सर. तुम्ही तिथेच, टोपी हातात धरून, एक मिनिट उभे राहाल का?"

मला त्याच्या मुस्काटात मारायची इच्छा झाली. हे मी शब्दशः लिहिते आहे. माझा हात उचललाही गेला होता. पण त्याच्या बायकोने त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "कॅमेरा ठेव." तिचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला आणि त्यानेही बहुधा पहिल्यांदाच, कारण त्याने कॅमेरा ठेवला.

ती दगडांकडे बघत होती. पहिला, दुसरा, आणि ती बसली होती तो तिसरा. तिची दोन गेली होती. ती काय मोजते आहे ते मला कळलं. तिने म्हाताऱ्याला विचारलं, "तुमच्या वेळेला आईला भीती वाटली होती का?"

"तिने माझ्यासाठी काहीच शिवलं नव्हतं," तो म्हणाला. "एक टोपडंसुद्धा नाही. शेजारणींनाही करू दिलं नाही. मी आलो आणि मला गुंडाळायला काही नव्हतं, तेव्हा पिठाच्या पोत्यात गुंडाळलं. ते पोतं मी पाहिलेलं आहे."

तिने मुकुट काढला, बाजूबंद काढले आणि सगळं नवऱ्याच्या हातात दिलं. मग तिने त्या अनोळखी माणसाला सांगितलं, की माझी दोन गेली. दवाखान्यातून रिकाम्या हाताने आले, दगड ठेवायलासुद्धा काही मिळालं नाही, आणि घरी कुणी त्यांच्याबद्दल बोलत नाही. भाचा पुटपुटला, "हे सगळं आत्ता कशाला?" तिने ते ऐकलंच नाही. तिने विचारलं, "आणि हे जर राहिलं नाही, तर मी इथे एक दगड ठेवला तर चालेल का?"

भाचा म्हणाला, "असं बोलू नको ना, प्लीज, पॉझिटिव्ह राहा." मीही तोंड उघडलंच होतं. शुभ बोल रे नाऱ्या, हे आमच्या जिभेवर जन्मापासून ठेवलेलं असतं. माझी वहिनी असती तर तिने गंगाजल शिंपडलं असतं.

म्हाताऱ्याने मात्र प्रश्न विचारला तसाच घेतला. टोपी हातात फिरवत त्याने कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली, बांध घालायच्या आधी शेतकरी टाकतो तशी. उत्तरेच्या बाजूला दोन पावलं चालून गेला, बुटाने गवत दाबून बघितलं.

"जागा आहे," तो म्हणाला. "त्या दोघांसाठी हवी असेल तर तीही आहे."

ती रडली नाही. तिने मोठा श्वास सोडला, साडीचा पदर खोचला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, डब्यात काय आहे? मला खूप भूक लागलीय."

पुरणपोळ्या होत्या. पिकअपच्या मागच्या फळीवर बसून तिने तीन खाल्ल्या, म्हाताऱ्याने दोन, आणि भाच्याला कुणी विचारलं नाही.