खळ्यांच्या टेकडीचा फेरा

आमच्या गावामागच्या टेकडीवर दगडांची गोल गोल रिंगणं होती. कमरेइतके धोंडे, कोणी मांडले, कधी मांडले, कोणाला माहीत न्हाई. लोक त्यांना राक्षसांची खळी म्हणायचे. एकदा निजाम सरकारचा कोणी अंमलदार घोड्यावर आल्ता. धोंडे बघून म्हणाला, ही फार जुन्या माणसांची थडगी हायेत, हात लावू नका. आम्ही कशाला हात लावतो? आमची मेंढरं त्या खळ्यांतलं गवत खायची आन् पुढं जायची.

आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की चार घरांचा कळप एक होऊन गोदावरीकडं उतरायचा. निघायच्या आधी कळप घेऊन टेकडीला पुरा फेरा घालायचा, सगळ्या खळ्यांवरून, आन् परत पायथ्याच्या देवापाशी यायचं. म्होरक्यानं काठी घेऊन पुढं चालायचं आन् देव येईस्तोवर बूड टेकायचं न्हाई. टेकलं तर काठी गेली. देवापाशी त्याची बायको त्याच्या कपाळाला भंडारा लावायची. तिनं लावला म्हणजे तो बसला न्हाई, मंग कोणी काही विचारायचं न्हाई. देवासमोर बायको खोटा भंडारा लावत न्हाई, असं सगळे मानायचे.

माझ्या बापाकडं ती काठी कैक वर्षं होती. ती त्यानं आपल्या सख्ख्या चुलत्याकडून घेतल्ती. म्हातारा पायातला काटा काढायला धोंड्यावर टेकला, तर बापानं तिथंच हसत त्याच्या हातातली काठी ओढून घेतली. म्हातारा उरलेला फेरा लंगडत आला. ही गोष्ट बाप जेवताना सांगायचा आन् स्वतःच हसायचा. असला माणूस! कुठल्या शेतात मेंढरं बसवायची, कोणती विकायची, कोणाची पोरगी कुठं द्यायची, सगळं तोच ठरवायचा. मला वाटूरकडं दिलं तेही त्यानंच, मायला विचारलंसुद्धा न्हाई.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आल्ते. बापाचे गुडघे गेल्ते. उठताना भिंत धरायचा. माझा धाकटा चुलता टपूनच होता. बापासमोर गोड बोलायचा, दादा, औंदा फेरा हळूच घालू. आन् पाठीमागं सांगत फिरायचा, औंदा काठी माझ्या हातात. काठी गेली तर बापाला कळपाबरोबर नेणार न्हाई, ज्याला चालवत न्हाई त्यानं गावात पडून राहावं, हेही त्यानं बोलून दाखवल्तं. जल्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस रिकाम्या घरात एकटा काय करणार? बापाला ह्याचीच लई भीती बसल्ती.

फेऱ्याच्या दिवशी बाप पुढं, त्याच्यामागं मी आन् माय, मंग मेंढरं, आन् सगळ्यात शेवटी चुलता. त्या हलकटानं मागून मेंढरं दामटायला सुरुवात केली. ऊन चढतंय, जल्दी चला, असं ओरडत राह्यला. मेंढरं बापाच्या टाचांना भिडू लागली. बापाचं तोंड पांढरं पडलं. मला रडू आलं. मी म्हणलं, बा, माझ्या खांद्यावर हात ठेव. त्यानं मला ढकलून दिलं.

सगळ्यात मोठं खळं टेकडीच्या पल्याडच्या अंगाला. तिथं वाट वळते, मागचं माणूस दिसत न्हाई. मेंढरं गवताला लागली तसं बापानं इकडंतिकडं बघितलं आन् एका धोंड्यापाशी खाली मातीतच बसला.

माय म्हणाली, "तिथून उठा."

"गप. कोण बघून राह्यलंय?"

ती परत म्हणाली, तिथं बसू नका, दुसरीकडं बसा. मला काही उमगंना. बसायचंच, तर इथं काय आन् तिथं काय? बापालाही उमगलं न्हाई. त्यानं पाय लांब केले, गुडघे चोळले, दम खाल्ला. चुलत्याची हाळी जवळ आली तसा धोंड्याला धरून उठला. मला म्हणाला, तोंड बंद ठेव. मायला काहीच म्हणाला न्हाई. तिच्या तोंडाची त्याला कधी काळजीच नव्हती.

देवापाशी चारी घरं जमली. बाप ताठ उभा राह्यला, कपाळ पुढं करून. मायनं चिमटीत भंडारा घेतला आन् तशीच थांबली. मंग तो देवाच्या धोंड्यावर टाकला आन् हात पदराला पुसला.

चुलत्याला हसू आवरेना. बाप दातओठ खाऊन तिला म्हणाला, डोकं फिरलं का तुझं?

माय सगळ्यांदेखत बोलली, आवाज न चढवता. "ही पोरगी व्हायच्या आधी, असल्याच फेऱ्यात मला मोठ्या खळ्यापाशी कळा सुटल्या. म्हणलं, जरा बसू द्या. तुम्ही म्हणलात, मेंढरं थांबत न्हाईत, आन् गेलात. पोरगं तिथंच झालं, तिथंच गेलं. मीच हातानं माती उकरली. कुठं पुरलं, ते आजवर विचारलं न्हाई तुम्ही. आज त्याच्यावर बसलात."

मला एक भाऊ झाल्ता, हे मला तेव्हा कळलं. वाटलं, आता बाप खचेल, काहीतरी बोलेल तिच्याशी. कशाचं काय! तो चुलत्याला म्हणाला, बाईमाणसाचं काय ऐकता, मी बसलोबिसलो न्हाई. कोणी ऐकलं न्हाई. चुलत्यानं त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

मला मायचा राग आला. अजून हाये. बापाच्या अंगात जोर होता तोवर ती गप्प राह्यली, आन् त्याला उभं राहवेना तेव्हा बोलली. तिचं बराबर होतं, मला कळतं. तरी राग हाये.

दुसऱ्या दिवशी कळप निघाला. मायनं भांडी, कोंबड्या तट्टावर लादल्या. बापाला न्यायचं न्हाई असं चुलत्यानं सांगितलं आन् मायनं मान डोलावली. बाप दारात भिंत धरून उभा होता, ही आता चला म्हणेल म्हणून. मायनं भाकरीचं गठुडं त्याच्या पायापाशी ठेवलं आन् तट्टाची दोरी धरली.

"बसा आता," ती म्हणाली. "पोटभर बसा."