आमचा बिरप्पा आणि त्यांचा सिनेमा

बिदरकडच्या खटकचिंचोळीतल्या आमच्या शाळेत खडू संपायचे, किस्से कधी संपले नाहीत. चार डबे आणि अर्ध्या तासाची सुट्टी एवढं भांडवल पुरायचं. त्यातले हे काही, एका इंग्रजी कादंबरीपायी घडलेले.

*

बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीला लागलेल्या भाच्यानं ती मला दिली. जाडजूड तीन भाग! राजे, जादूगार, ड्रॅगन. इंग्रजीचा मास्तर मी एकटाच, म्हणून रोज डबे उघडले की दहा पानं मराठीत सांगायचो. पहिल्याच दिवशी ड्रॅगनपाशी अडलो.

म्हटलं, "समजा, उडणारी घोरपड."

कन्नड शिकवणाऱ्या शांताक्कांनी डबा बंद केला. "सर, जेवताना तरी नको!"

*

आमचे शिपाई मल्लप्पा अण्णा दाराशी उभे राहून ऐकायचे. धनगराचं घर, खांद्यावर कायम घोंगडी. लढाई ऐन रंगात आली आणि त्यांनी विचारलं, "सर, डोंगरावर मेंढरं हायत म्हणलाव. समदे लढायलेत, मंग मेंढरं कोण राखायलंय?"

पुस्तकात कोणीच राखत नव्हतं! लेखकाची अब्रू वाचवायला मी ठोकून दिलं, "बिरप्पा नावाचा धनगर."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा एकच प्रश्न, "बिरप्पाचं काय झालं?" मग काय, तिसऱ्या भागापर्यंत बिरप्पानं राजकन्येला घोंगडीत लपवून नेलं आणि ड्रॅगनचा एक डोळा गोफणीनं फोडला.

*

गणिताचे पाटील सर तसे चिकित्सक. "इंग्रजाच्या पुस्तकात बिरप्पा कसा हो?"

"भाषांतरात नावं पण बदलावी लागतात, सर!"

त्यांना पटलं. गणितवाल्यांना भाषेतलं काहीही पटतं.

*

आणि पेपरात आलं, कादंबरीवर सिनेमा निघतोय! शांताक्कांना धास्ती, मध्येच गाणी घालतील. पाटील सरांना वाटे, ड्रॅगन पुठ्ठ्याचा करतील. अण्णांना एकच घोर, "बिरप्पाला घोंगडी देतील का कोट घालतील?"

माझी तर पाचावर धारण बसली. ज्या माणसांनी माझ्या शब्दावर वर्षभर भाकरी गार केली, त्यांच्यापुढे मी खोटा ठरणार होतो. मला माझीच फार लाज वाटत होती.

सगळ्यांनी बिदरला जाऊन सिनेमा बघायचं ठरवलं, तेव्हा शेवटचा उपाय म्हणून सांगितलं, "तिथल्या थेटरात ढेकूण फार आहेत."

शांताक्का म्हणाल्या, "मी पावडर घेऊन यायलेय!"

*

हिंदीत डब केलेला सिनेमा. एकही गाणं नाही! ड्रॅगन आला तशा शांताक्का कुजबुजल्या, "घोरपड कामून म्हणलाव सर? किती देखणा हाय!"

डोंगर आला, मेंढरं आली. राखायला कोणी नाही. पाटील सर म्हणाले, "इंटरव्हलनंतर येईल." मी खुर्चीत खाली खाली सरकत होतो.

बिरप्पा आला नाही. बाहेर पडल्या पडल्या पाटील सर कडाडले, "बिरप्पालाच कापला! पुस्तक वाचायला काय झालंतं ह्यांना?"

"तर काय!" मी म्हटलं. इतका मोकळा श्वास मी कधी घेतला नव्हता.

परतीच्या बसमध्ये अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. बाकीचे दोघं पुढं सिनेमावाल्यांना शिव्या घालत होते. अण्णांनी घोंगडी मांडीवर घेतली आणि हळूच म्हणाले, "मला लई भ्याव वाटायलतं सर. बरं केलाव, आपला बिरप्पा त्यायच्या हाती दिला न्हाई."